काचेमागचा टाक

परवा सकाळी पेपर झटकला तर त्यातून एक पिवळं पत्रक पडलं. समोर तुरीच्या शेंगांचं टोपलं होतं, निम्म्या सोललेल्या, आणि बोटांना त्यांचा ओला, हिरवट वास. गावात चार दिवस जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार आहे, प्रवेश विनामूल्य, सहकुटुंब यावे, असं पत्रकावर होतं. मी चष्मा शोधला आणि ते पुन्हा वाचलं. आयोजकाचं नाव फार बारीक अक्षरात होतं. चांगलं काम करणारा माणूस आपलं नाव इतकं बारीक का छापेल, हा विचार मनात आलाच. मग शेंगा तशाच ठेवून मी साडी कुठली नेसायची ते ठरवू लागले.

आमच्या दारव्ह्याला प्रदर्शनांचा हंगाम हा असा येतो. सोयाबीन बाजारात गेलेलं असतं, कापसाची दुसरी वेचणी चाललेली असते, तूर शेंगेवर असते. सकाळी पाणी गरम केल्याशिवाय तोंडावर घेववत नाही. दोन लग्नतिथींच्या मध्ये मंगल कार्यालयं चार-चार दिवस रिकामी पडतात, आणि त्या रिकाम्या दिवसांत आमच्याकडे कला येते. कधी रांगोळी, कधी जुनी नाणी, कधी पुण्याकडचा एखादा चित्रकार. भिंतींवर आदल्या लग्नाची झालर तशीच असते, हॉलला मसालेभाताचा वास असतो, आणि त्या वासात आम्ही मान तिरकी करून चित्रं पाहतो.

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणीतरी सांगेलच. निम्म्याहून जास्त आयुष्य जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत नकला काढण्यात गेलं. एकाच बांधाचे तीन नकाशे, तिन्हींवर शिक्के, आणि तिन्ही घेऊन येणारे तिघे रडकुंडीला आलेले, असं मी कितीदा तरी पाहिलं. मेलेली माणसं अंगठे उठवून गेलेली पाहिली. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात म्हणतात. मी ताकाला आधी विचारते, तू ताकच कशावरून.

तरी प्रदर्शन म्हटलं की पहिली मीच. यवतमाळला असो, पुसदला असो, जीपमध्ये चौथ्या सीटवर अंग चोरून बसून जायचं, वहीत पहिला अभिप्राय लिहायचा, आणि प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचायची. वस्तूपेक्षा चिठ्ठीकडे माझं लक्ष जास्त. वस्तू बिचारी गप्प असते. जे काही खोटं बोललं जातं ते चिठ्ठीत.

सोबत कुंदा. आम्ही एकाच कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसलो, एकाच वर्षी निवृत्त झालो. तिचं माहेर फुलसावंगीचं, सासरी कापूस-तुरीचं शेत, स्वभाव माझ्या अगदी उलट. तिला सगळं आवडतं. तिला न आवडलेलं एकच प्रदर्शन मला आठवतं. पुण्याच्या एका चित्रकारानं विदर्भातली शेतं रंगवली होती, आणि कापसाची झाडं अशी शुभ्र फुललेली की डोळे दिपावेत. कुंदा बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "या पऱ्हाटीवर एकबी बोंड किडलं नाही. यानं वावर पाह्यलंच नसन." त्या दिवशी मला ती सख्ख्या बहिणीहून जवळची वाटली.

यवतमाळच्या एका प्रदर्शनात मुकुटबनकडचा एक म्हातारा कोलाम आदिवासी भेटला होता. काचेच्या कपाटात ठेवलेल्या ढोलाकडे तो पाहत उभा होता. चिठ्ठीत लिहिलं होतं की हा ढोल सणाला वाजवतात. म्हातारा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला की दोरी उलटी बांधली आहे, हा वाजणार नाही. मी व्यवस्थापकाला जाऊन सांगितलं. त्यानं नम्रपणे सांगितलं की वाजवायचा नाहीच आहे, बाई, पाहायचा आहे.

या सगळ्या हंगामांतला एकच मनात रुतून बसला आहे. तीन हिवाळे झाले त्याला. दोन लग्नांच्या मधले चार दिवस होते आणि एक फिरतं प्रदर्शन गावात आलं होतं. नाव होतं 'घरातले देव'. लोकांच्या देवघरांतल्या जुन्या मूर्ती, टाक, घंटा, समया. टाक म्हणजे देवाचं चित्र ठोकून उठवलेला धातूचा छोटा पत्रा, तळहातात मावेल एवढा. नवरीच्या खोलीत सामानाच्या पेट्या, स्टेजवर काचेच्या पेट्या, आणि मांडणी सांभाळायला नागपूरहून आलेली एक चुणचुणीत मुलगी.

जावं की नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आमच्या घरी देव नाहीत. छप्पन्न साली आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून नाहीत. देव बघायला मी गेले तर आमच्या वस्तीतले म्हणतील, हिला तिकडे काय काम. तिथे येणारे म्हणतील, ही इथे कशी. दोन्हीकडच्या भुवया मला घरी बसूनच दिसत होत्या. पण पत्रक हातात होतं, आणि पत्रक हातात असलं की माझे पाय ऐकत नाहीत.

गेले तर दारातच हसू आलं. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. प्रदर्शनाला कुणी चपला काढतं का? पण देव म्हटल्यावर बायकांनी काढल्या, त्यांच्या पाहून पुरुषांनी काढल्या, आणि मग तो नियमच झाला. आत पहिल्याच पेटीच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, वर रुपयाची नाणी, शेवंतीची दोन फुलं. नागपूरची मुलगी फडकं घेऊन काच पुसत होती. ती पुढच्या पेटीकडे वळेपर्यंत मागच्या काचेवर पुन्हा कुंकू. ह्या वस्तू पूजेसाठी नाहीत, पाहण्यासाठी आहेत, हे ती अगदी गोड आवाजात सांगत होती. आणि कुंदा, माझी कुंदा, तिचं सगळं ऐकून घेऊन, हो हो म्हणून, काचेला हात लावून कपाळाला लावत होती.

मी हात पाठीमागे बांधून उभी होते. चपला मात्र मीही बाहेर काढल्या होत्या. एकटीच चपला घालून आत जाणं म्हणजे लोकांना माझ्याकडे बघा म्हणण्यासारखं झालं असतं. अनवाणी उभं राहिल्याचा मला रागही आला. मंगल कार्यालयाची फरशी अतिशय गार होती.

पुढचं सांगण्याआधी बाबांची गोष्ट सांगायला हवी.

बाबा दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात उभे राहून ती सांगायचे. आबाजी दीक्षा घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातले सहा टाक फडक्यात बांधले, ते गाठोडं आठ-नऊ वर्षांच्या बाबांच्या हातात दिलं आणि दोघं अडाण नदीवर गेले. आबाजी म्हणाले, तूच टाक, पुढचं आयुष्य तुझं आहे. बाबांनी एकेक करून सहाही टाक पाण्यात टाकले. शेवटचा देवीचा. बाबा लहानपणी फार आजारी असायचे म्हणून तो टाक भोक पाडून दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधलेला असायचा, आणि दात येताना ते त्याचा कोपरा चावत. 'माह्या दाताचे खड्डे होते त्याच्यावर,' बाबा सांगायचे, 'थोबी गेला.' इथे विहारात टाळ्या पडायच्या.

ती गोष्ट म्हणजे आमच्या घराची मिळकत. आमच्याकडे सातबारा नव्हता, सोनं नव्हतं, ही गोष्ट होती. मी शाळेत भाषणात ती सांगितली आणि बक्षीस मिळवलं. लग्न होऊन सासरी गेले तिथे सांगितली. नवरा गेल्यावर बाबांना माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी आणि ही गोष्ट, एवढंच आलं. जगातल्या सगळ्या गोष्टींवर मी संशय घेतला, पण हिच्यावर कधी नाही.

आणि स्टेजच्या उजव्या कोपऱ्यातल्या पेटीत, दुसऱ्या ओळीत, तो टाक होता.

पितळी. वरच्या बाजूला ओबडधोबड भोक. देवीचा चेहरा झिजून नुसता गोल राहिलेला. डाव्या खालच्या कोपऱ्याला चार बारीक खड्डे, तीन एका ओळीत आणि एक सरकलेला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'देवी. पितळ. दारव्हा परिसर. एका कुटुंबाच्या वंशपरंपरागत पूजेतील.'

मी पहिल्यांदा चिठ्ठीवर संशय घेतला, सवयीनं. मग टाकावर. दात येणारी पोरं काय आमच्याच घरात होती का? गावोगाव पोरं आजारी पडत होती, गळ्यात टाक बांधले जात होते, कोपरे चावले जात होते. कचेरीत एवढ्या पुराव्यावर मी कुणाला वारसही लावला नसता. मी स्वतःला हे सगळं व्यवस्थित समजावलं, बाहेर आले, आणि कुंदाची चप्पल पायात घालून चालू लागले. तिनं हाक मारली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी कुंदाला न सांगता गेले. त्या मुलीला विचारलं की हा टाक आला कुठून. ती खरंच भली पोर होती. तिनं सांगितलं की सगळा संग्रह नागपूरच्या एका गृहस्थांचा आहे, त्यांनी जशी यादी दिली तशा चिठ्ठ्या तिनं लिहिल्या. मी विचारलं की त्या गृहस्थांकडे आला कुठून, मधले हात कोणते. तिला वाटलं मी पत्रकार आहे. तिनं त्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की असं बरंच पितळ त्यांनी मोडवाल्यांकडून, म्हणजे जुनी भांडी मोडीत घेणाऱ्यांकडून, वजनावर उचललं होतं. मग वंशपरंपरागत पूजा कुठून आली, असं मी विचारलं. ते म्हणाले, देव आहे म्हणजे पूजा असणारच ना, ताई.

माझी शंका खरी ठरली होती, चिठ्ठी खोटी होती, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. कारण नदीत गेलेला टाक मोडवाल्याकडे येतो कसा? घरी येईपर्यंत मी चार संशयित उभे केले होते.

पहिला, कुणीतरी नदीतून काढणारा. तेव्हा नदीत असे किती देव पडले असतील. उन्हाळ्यात अडाणचं पाणी आटतं, डबकी राहतात. कुणी खाली उतरून पितळ गोळा केलं असेल तर त्यात नवल नाही. हा संशयित मला फार आवडला. मी त्याच्याच बाजूनं निकाल द्यायला तयार होते. पण इतकी वर्षं पाण्यात, वाळूत राहिलेल्या पितळेवर दाताचे खड्डे एवढे स्वच्छ राहतील का, हे मीच मला विचारलं.

दुसरे आबाजी. दीक्षा घेतली खरी, पण मनात कुठे भीती राहिली असेल. शेवटचा टाक मुठीतच ठेवला असेल. आबाजींचा एक फोटो आहे आमच्याकडे, पांढरं धोतर, पांढरी टोपी, नजर सरळ. दुपारभर मी त्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसले आणि त्यांच्या मुठी बंद आहेत की उघड्या ते पाहत राहिले. फोटो छातीपर्यंतच आहे.

आणि तिसरे बाबा. हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते. बाबांनी मोठेपणी कधी तो विकला असेल का, की लहानपणी टाकलाच नसेल, आणि दरवर्षी टाळ्यांसाठी सहा म्हणत असतील? त्या दोन दिवसांत मी त्यांना चहा देताना त्यांच्या हाताकडे बघायची. ते जुनी आठवण काढायला लागले की मी त्यात तारखा विचारायची. बाप काय सांगतो आहे ते न ऐकता तो कुठे अडखळतो ते मी टिपत होते. नकला काढताना लागलेली सवय घरात घेऊन आले होते.

चौथा संशयित मी स्वतः, माझे डोळे, माझा चष्म्याचा नंबर.

पण काय पणाला लागलं होतं ते मला नीट कळत होतं. टाक खरा असेल तर गोष्ट खोटी, आणि गोष्ट खोटी तर ती ज्यांनी आयुष्यभर सांगितली त्या माणसाचं काय करायचं? पंचाहत्तरी ओलांडलेल्या बापाला जाब विचारायचा? की गप्प राहून दरवर्षी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, मनात मोजत, सहा की पाच? आणि हे सगळं गावाच्या मधोमध, विनामूल्य. वस्तीतलं कुणीही आलं असतं, त्यानं ते भोक आणि ते खड्डे पाहिले असते. गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती.

बाबांना मी प्रदर्शनाचं सांगितलंच नव्हतं. एरवी आम्ही दोघं बरोबर जायचो. रांगोळी असो की नाणी, बाबा काठी टेकत येणार, एकेका वस्तूपुढे थांबणार, आणि शेवटी चहावाल्याशी जास्त वेळ बोलणार. या वेळी मी कधी बँकेचं, कधी बाजाराचं निमित्त काढून जात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मले नेऊन नाही राह्यली, काहून?" मी म्हटलं, कुठे. ते म्हणाले की कुंदा येऊन गेली, देवांचं प्रदर्शन आहे म्हणाली, तू तिथे रोज जातेस म्हणाली. मग माझ्याकडे अगदी माझ्याच नजरेनं पाहत ते म्हणाले, "तुले त्या देवाईचं काय लागलं?"

संशय रक्तातून येतो हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, उद्या शेवटचा दिवस आहे, जाऊ.

चौथ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. पुढच्या लग्नाचा मांडववाला बाहेर बांबू उतरवत होता. मी चपला काढायला वाकले, बाबा तसेच काठी आणि चपलांसकट आत गेले. मुलीनं खुर्ची आणून दिली, ती त्यांनी नाकारली. ते पहिल्या पेटीपासून क्रमानं निघाले. समया पाहिल्या, घंटा पाहिल्या, एका मूर्तीसमोर थांबून तिचे कान मोठे आहेत असं म्हणाले. मी मागे मागे.

उजव्या कोपऱ्यातल्या पेटीशी ते आले. वाकले. चष्मा कपाळावर सरकवून डोळे काचेजवळ नेले. त्यांच्या श्वासानं काच धूसर झाली, ती त्यांनी बाहीनं पुसली, आणि पुन्हा पाहिलं.

"हा सापडला," ते म्हणाले. एवढंच. कुणीतरी ओळखीचं बाजारात दिसावं, इतक्या साध्या आवाजात.

तेव्हा मात्र त्यांनी खुर्ची मागितली आणि बसले. आणि मग जे सांगितलं ते हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, काचेकडेच बघत सांगितलं.

गाठोडं त्यांच्या हातात होतं. वाटेत त्यांनी ते चाचपून पाहिलं तर पाच. गाठोडं बांधताना आबाजींनी सहा मोजले होते. नदीवर त्यांनी पाचच टाकले, आणि आबाजी पाठमोरे उभे होते, त्यांनी मोजलं नाही. बाबांना दोन वर्षांची एक बहीण होती, शेवंती. हे नाव मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. ती तापानं फणफणलेली होती. घरी आल्यावर बाबांनी पाहिलं, सहावा टाक तिच्या उशाखाली होता. त्यांच्या मायनं गाठोडं बांधल्यावर गाठ सोडून तो काढून घेतला होता. माय बाबांकडे पाहत होती, बाबा मायकडे.

आठ दिवसांनी शेवंती गेली.

बाबांची माय, म्हणजे माझी आजी. मी सात-आठ वर्षांची असताना ती वारली. चुलीपुढची पाठ आणि बांगड्यांचा आवाज, एवढीच मला ती आठवते. गोष्टीत ती कधी नव्हती. गोष्टीत आबाजी होते, बाबा होते, नदी होती. मी चार संशयित उभे केले, एका अनोळखी माणसाला नदीत उतरवलं, स्वतःलाही रांगेत उभं केलं, पण ज्या बाईनं रोज त्या देव्हाऱ्याला दिवा लावला होता तिचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. संशय घ्यायचा तरी माणूस आधी दिसावा लागतो. मला ती दिसलीच नव्हती, आणि याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कशाचंच वाटलं नाही.

मग मोडीत कसा गेला, मी विचारलं.

"महिना झाला असन. भांडेवाला आला गल्लीत. मायनं थो टाक आणला, देवाची घंटी आणली, फुटका गडवा आणला, अन् त्याच्या तराजूत टाकला. रडली नाही काही. म्हणे, वाटी दे. चांगली जड पाहून दे." बाबांनी नाक पुसलं. "बापानं दीक्षा घेतली नागपुरात. मायनं तेव्हा घेतली, दारात."

मी विचारलं की मग दरवर्षी सहा का सांगितले. यात माझा आवाज थोडा कडक झाला असावा, कारण ते माझ्याकडे वळले.

"पाच सांगतले असते तं सहावा कुठं गेला म्हणून कोणीबी इचारलं असतं. अन् मायचं नाव आलं असतं. लोक म्हनले असते, बुढ्यानं देव टाकले अन् बुढीनं लपवले. पोट्टी मेली ते कोणी सांगतलं नसतं." मग पुन्हा काचेकडे वळून, "तिचंबी पाप नोतं अन् देवीचंबी नोतं. तापच होता थो."

नागपूरची मुलगी थोड्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं अडखळत विचारलं की चिठ्ठी बदलून लिहू का, काय लिहू. बाबांनी बराच विचार केला. वंशपरंपरागत तेवढं खोड, ते म्हणाले, बाकी राहू दे. टाक परत हवा का, असंही तिनं विचारलं, त्या गृहस्थांशी बोलते म्हणाली. बाबा म्हणाले, कायले? आमी काही हरवला नोता.

बाहेर मांडववाल्यानं पहिला बांबू उभा केला होता. हॉलमध्ये आम्ही तिघंच. माझ्या मनात तेव्हाही, लाज सोडून सांगते, एक प्रश्न शिल्लक होता. आबाजी. त्या सरळ नजरेच्या माणसाला हे कळलं होतं का? की ते मरेपर्यंत सहाच समजत होते, आणि आमच्या घरातली खरी गोष्ट त्यांच्या पाठीमागेच घडून गेली? हे विचारू नये असं मला वाटलं आणि मी विचारलं.

बाबा उठण्यासाठी काठी शोधत होते. ती मी त्यांच्या हातात दिली. ते उभे राहिले, पाय स्थिर होईपर्यंत थांबले.

"आमच्या घरी पितळेची वाटी नोती तोवर," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी माय चुलीपाशी बसली होती, वाटी तिच्या बाजूले, नवी, चमकून राह्यलती. बाप आला. त्यानं वाटी पाह्यली. कुठून आली, कायच्या बदल्यात आली, काही इचारलं नाही. पाट घेतला, बसला, अन् म्हणे, गिरजे, मले आज वरण त्या वाटीत दे."